खांडेबुवांची दहा वर्षं

शेषेराव जोशी खडी वाईट फोडायचे. हे आधी सांगून टाकतो. पुढं त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणार आहे, आणि कामात कच्च्या माणसाला पक्का म्हणणं मला जमत नाही.

मी केरबा. हयात दगडात गेली. तरुणपणी विहिरी खोदल्या, दुष्काळी कामावर खडी फोडली, मग बांधकाम खात्यात रस्ते राखणारा मैलकुली झालो. आता रिटायर आहे. आमच्या घरात पत्रिका नसते. वडलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव्हारा रिकामा केला आणि सांगितलं, इथून पुढं ग्रहाला विचारून पाऊल टाकायचं नाही. आम्ही टाकलं नाही. तरी एक कुंडली मला तोंडपाठ आहे. ती खांडेबुवांची. जोशींनी मांडलेली.

आमचं गाव मुरुडच्या पुढं, टेकाडावर. गावाबाहेर लिंबाखाली खांडेबुवांचा मठ. मठ म्हणजे एक खोली, एक ओटा आणि आत भिंतीला टांगलेला खांडा. रुंद पात्याची तलवार, उचलायला दोन हात लागतात. वर्षातून एकदा चांदपाशा शिकलगार ती उतरवतो, घासतो, करडईचं तेल लावतो. त्याच्या आज्यापासून हे काम त्यांच्याकडं आहे.

बुवांची गोष्ट गावात सगळ्यांना येते. दुर्गादेवीच्या दुष्काळात चौदा वर्षांचा पोरगा घर सोडून निघाला. वाटेवरून फौज चालली होती, तिच्यामागं गेला. खांडा चालवायला शिकला, लढाया मारल्या, डावा कान गमावला. इकडं आईनं दाराबाहेर पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा नेम धरला. लोक पाण्याच्या घोटाला महाग झाले होते, तरी तिनं नेम मोडला नाही. दहा वर्षांनी दाढी वाढलेला एक शिपाई आला आणि तांब्या उचलून सरळ तोंडाला लावला. परका माणूस आधी विचारतो. हा विचारत नाही, म्हणजे आपलाच, असं म्हणून आईनं ओळखलं. त्या दिवशी बुवांनी खांडा टांगला आणि कुदळ घेतली. उरलेलं आयुष्य गावोगाव विहिरी खोदल्या. मला बुवा आवडतात ते त्या विहिरींमुळं. एक मी उपसलेली आहे. बांधणी चोख आहे.

तेव्हापासून गावात चाल आहे. घरचं माणूस परगावी असेल तर बाई दाराबाहेर तांब्या भरून ठेवते. त्याला वाटेचं पाणी म्हणतात.

जोशी मूळचे नांदेडकडचे, उमरीचे. मठात पूजेला कोणी नव्हतं म्हणून गावानं त्यांना आणलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आल्या आल्या त्यांनी विचारलं, बुवांचा जन्म कधीचा? गाव म्हणालं, रथसप्तमीचा, दिवस उगवताना. बाकी कोणाला काही माहीत नव्हतं. जन्मवेळ हरवलेल्या माणसाची कुंडली त्याच्या आयुष्यावरून उलटी शोधत जायची एक रीत आहे. जोशी तिला नष्टजातक म्हणायचे. आम्ही बाहेर पडलेली माती बघून विहिरीत खाली कोणता थर लागलाय ते ओळखतो, तसंच ते. त्यांनी त्यात दोन वर्षं घातली. आळस केला नाही.

दर रथसप्तमीच्या जत्रेला ते ओट्यावर रांगोळीनं बारा घरं काढायचे आणि बुवांचं आयुष्य ग्रहांवरून सांगायचे. मी मागं उभा राहून ऐकायचो.

“दिवस उगवताना जन्म, सूर्य मकरेत, म्हणून लग्न मकर. नक्षत्र भरणी, म्हणून चंद्र मेषेत. भरणीचा देव यम. ज्याच्या जन्माला यम उभा, तो मरणाला काय भिणार? आता मकरेपासून मोजा. मेष चौथी. चौथं घर आईचं. चंद्र आईच्या घरात बसलाय, पण त्या घराचा मालक मंगळ. म्हणजे पोराचा जीव आईपाशी आणि घराची किल्ली शिपायाच्या कमरेला.”

बाया इथं डोळ्याला पदर लावायच्या.

मग दशा. माणसावर ग्रह पाळीपाळीनं राज्य करतात. शुक्र, सूर्य, मग चंद्र, मग मंगळ. चंद्राची पाळी दहा वर्षांची. बुवा चौदाव्या वर्षी गेले, चोविसाव्या वर्षी आले. ती दहा वर्षं चंद्राची. चंद्र म्हणजे आई. चंद्राच्या पाळीत परीक्षा लढणाऱ्याची नव्हती, दारात बसणारीची होती. जोशी असं सांगायचे आणि मग बाया जात्यावरची ओवी म्हणायच्या:

दहा सालं गं सरली, तांब्या दारात भरला
न विचारता पिणारा, माझा लेक तो ठरला

आता पंचफुला. ती आमच्या गल्लीच्या तोंडाला राहायची. नवरा साप चावून गेलेला. तिचा एकुलता एक रामकिशन जत्रेच्याच दिवशी, दिवस उगवताना, मठामागं झाला. ती पहाटे पाया पडायला गेली होती, कळा तिथंच सुरू झाल्या. बुवांची कुंडली जोशींनी तेव्हा नुकतीच पुरी केली होती. त्यांनी लगेच पत्रिका मांडली आणि ओट्यावर येऊन ओरडले, “बुवांचीच कुंडली हाय! घर न् घर तेच!” गाव त्या पोराला तेव्हापासून बुवा म्हणायला लागलं. पोरगा चिडायचा.

तो चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्र्याहत्तर साल होतं. विहिरींना तळ दिसत होता. आम्ही सगळे लातूरच्या रस्त्याला खडीवर. परदेशातून आलेल्या लाल मिलो जोंधळ्याची भाकर, पोरांना सरकारी सुकडीचं पीठ. जत्रेत ना नारळ ना धान्य, म्हणून जोशीही कामावर आले आणि माझ्या शेजारी बसले.

मी त्यांना दाखवलं. टायरच्या रबराचं कडं करून दगड त्यात धरायचा, म्हणजे उडत नाही. दगडाला शीर असते, तिच्यावर मारायचं. बोटांना चिंध्या बांधायच्या. ते शीर सोडून मारायचे आणि मारताना डोळे मिटायचे. पहिल्याच आठवड्यात उजव्या हाताची बोटं सुजली. त्याच बोटांच्या पेरांवर ते नक्षत्रं मोजायचे. मग डाव्या हातावर मोजायला लागले. पण काम सोडून गेले नाहीत.

कामावर माठ एकच होता, आणि तो आमच्या माणसांकडं होता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते माठाकडं बघत राहिले. मी ते बघत होतो. शेवटी उठून माझ्यापाशी आले.

“केरबा, पाणी घेऊ का?”

“मला कामून विचारता म्हाराज? माठ सरकारचा हाय.”

“विचारावं लागतं,” ते म्हणाले आणि प्याले.

चांदपाशा पलीकडून हसला. “क्या म्हाराज, आता उमरीला कळवू का?”

“कळव. उमरीला तरी कुठं पाणी हाय?”

जत्रा होऊन थोडे दिवस झाले होते. किनवटच्या जंगलात बांबू तोडायला माणसं नेणारा ठेकेदाराचा ट्रक कामावर आला. रामकिशन चढला. पंचफुलानं त्याचा सदरा धरला.

“माय, सोड. गावच्या विहिरीला पाणी लागलं की येतो.”

“खाशील काय तिकडं?”

“इथं काय खाऊन राहिलो?”

तिनं सदरा सोडला. त्या पावसाळ्यात विहिरीला पाणी लागलं. तो आला नाही. ती किनवटला जाऊन आली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पोरगा आदिलाबादच्या गाडीत बसला, पुढचं माहीत नाही. ती परत आली ती थेट खडीवर, जोशींसमोर उभी राहिली.

“म्हाराज, खरं सांगा. येतो का न्हाई?”

जोशींचा हातोडा थांबला. “पंचफुलाबाई, बुवा कितव्या वर्षी गेले?”

“चौदाव्या.”

“आणि रामकिशन?”

“तो बी चौदाव्याच.”

“बुवा किती वर्षांनी आले?”

“दहा.”

“मग मला काय विचारता?”

ती खाली बसली आणि रडली. उठली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. घरी जाऊन तिनं तांब्या घासला, भरला, दाराबाहेर ठेवला.

ती गेल्यावर मी म्हणालो, “म्हाराज, दहा वर्षांचा वायदा करून बसलात.”

“मी कुठं केला? कुंडलीनं केला.”

“कुंडली कोणी मांडली?”

त्यांनी दगडावर मारलं, तेही शिरेवर नाही.

त्या दहा वर्षांत पंचफुलाचा तांब्या एक दिवस रिकामा राहिला नाही. पाणी आणायला टेकाडाखाली उतरावं लागायचं. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. बाया टोमणे मारायच्या, “माणसाला न्हाई आन वाटंला पाणी!” ती म्हणायची, “माझं माणूस वाटंवरच हाय.” जत्रेत जोशी चंद्राच्या पाळीपर्यंत आले की ती पुढं सरकून बसायची आणि बुवांनी तांब्या उचलला की टाळी वाजवायची. लग्नात वऱ्हाड आल्यावर वाजवावी तशी.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. पंधरा ऑगस्टला लातूरला मोठा कार्यक्रम होता. पंचफुला म्हणाली, “केरबा, मला घेऊन चल. जिल्हा झाला म्हणजे नवी हापिसं, नवी कामं. भाईर गेलेली माणसं परत येतील. मुदत बी सरत आली.” आम्ही एस.टी.नं गेलो, जोशीही आले. कमानी, पताका, बँड. जमेल तितकं लातूर रस्त्यावर होतं. तिनं कशाकडं बघितलं नाही. एका पाणपोईच्या बाजूला उभी राहिली आणि पाणी पिणारा प्रत्येक तरणा माणूस बघत राहिली. मला कळायला वेळ लागला.

“अक्का,” मी म्हणालो, “पाणपोई हाय. इथं समदेच न विचारता पितात.”

ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. जोशी दुसरीकडं तोंड करून उभे होते. संध्याकाळची गाडी भरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

परत आल्यापासून जोशी बिनसले. दसऱ्यानंतर ते रोज दुपारी मठाच्या ओट्यावर बारा घरं काढायचे आणि पुसायचे. मी रस्त्यावरून येताना थांबलो.

“काय चाललंय म्हाराज?”

“बुवांचं परत तपासतोय. केरबा, माझी चूक झालीय. बघ, चंद्र म्हणजे आई. मंगळ म्हणजे खांडा. चंद्राची पाळी संपली की मंगळाची लागते, सात वर्षांची. खांडा हातात आहे तोवर शिपाई घरी कसा येईल? बुवा मंगळ संपल्यावरच आले असणार. दहा नाही, सतरा वर्षांनी.”

“आन गाव दहा म्हणतं ते?”

“गाव सोपं करून सांगतं.”

ऐकायला पटण्यासारखं होतं. तेच मला खटकलं. इतकी वर्षं जे सुचलं नाही ते नेमकं मुदत सरताना सुचलं. मी म्हणालो, “म्हाराज, हे बुवांसाठी काढलं का पंचफुलासाठी?”

ते रांगोळी पुसत होते. पुसतच राहिले.

त्या वर्षी पंचांगातही घोळ होता. माघ महिना क्षय झाला होता, म्हणजे पौष आणि माघ एकाच महिन्यात कोंबलेले. असं फार वर्षांनी येतं. जत्रा कधी करायची यावर गावात भांडणं झाली. चांदपाशा म्हणाला, “महिना बी बांबू तोडायला किनवटला गेला का काय?” कोणी हसलं नाही. पंचफुला तिथंच बसलेली होती. चांदपाशानं कान धरले. “चुकलं मावशी.” ती म्हणाली, “त्यात काय? महिना तर येईल परत.”

काही लोक जोशींना म्हणाले, महिना बुडालाय, मुदत पुढं गेली म्हणा, बाईला धीर येईल. जोशी म्हणाले, “महिन्याचा धीर घेऊन ती काय करील?” त्यांच्या मनात सात वर्षं होती.

जत्रा झाली. रामकिशन आलेला नव्हता. सकाळपासून पंचफुला पुढं बसली होती, नवी साडी नेसून. चांदपाशा तेल लावलेला खांडा दोन्ही हातांवर घेऊन ओट्याजवळ उभा. जोशींनी बारा घरं काढली. मकर लग्न, मेषेचा चंद्र, यम, किल्ली, सगळं नेहमीसारखं. चंद्राची पाळी आली. फौज, लढाया, डावा कान. दहावं वर्ष आलं.

“दहावं वर्ष सरलं,” जोशी म्हणाले, “आणि बुवा आले नाहीत.”

ओवी धरायला सरसावलेल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या.

“मंगळाची पाळी लागली. खांडा हातात होता. अजून सात वर्षं.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “कोणते बुवा हे?” बायांमध्ये कुजबूज सुरू झाली. चांदपाशा हळूच म्हणाला, “म्हाराज, ओवी तर दहाची हाय.” जोशी ऐकेनात. सतराचं गणित सांगू लागले.

पंचफुला उठली. ओट्यापाशी गेली.

“म्हाराज, थांबा.”

ते थांबले.

“तुमी माझ्यासाठी करून राहिले, ते कळतंय मला. पर बुवांच्या मायनं काय केलंय? दहा सालं बसली ती दारात. लई झाली दहा. मी बसलेय, मला ठाव हाय. माझ्या पोरापायी तिला अजून सात सालं कामून बसवता?”

जोशींनी हातातली रांगोळी खाली ठेवली.

“बुवांना येऊ द्या,” ती म्हणाली. “त्यांची येळ झालीय. माझं मी बघते.”

ती जागेवर जाऊन बसली. जोशींनी खाली वाकून मंगळाचं घर हातानं पुसलं आणि परत होतं तसं काढलं. रेष वाकडी आली. मग त्यांनी तिथूनच पुढं सांगितलं. दहावं वर्ष सरलं. दाढीवाला शिपाई आला. दाराबाहेर तांब्या होता. त्यानं विचारलं नाही, उचलला आणि प्याला.

सगळी जत्रा पंचफुलाच्या टाळीची वाट बघत होती. तिनं वाजवली. तशीच, वऱ्हाड आल्यासारखी. मग बायांनी ओवी धरली. जोशींना पुढचं सांगता आलं नाही. विहिरींचा भाग त्या वर्षी राहिला. एरवी मी तक्रार केली असती.

त्यानंतर त्यांनी गेलेल्या माणसाबद्दल कोणालाही तारीख सांगितली नाही. विचारलं तर म्हणायचे, “पाणी ठेवा.” तेवढंच.

पंचफुलानं मुदतीशिवाय तांब्या भरला. मला वाटलं होतं ती खचेल. तसं झालं नाही. उलट ती रोजच्या कामासारखं करायला लागली, झाडलोट करावी तसं. कधी संध्याकाळी उंबऱ्यात बसायची आणि मुरुडच्या वाटेकडं बघायची. मी जाताना म्हणायचो, “काय अक्का?” ती म्हणायची, “काय न्हाई. वाट बगून राहिले.” दोन्ही खरंच असायचं. तीन पावसाळे गेले आणि ती तापानं गेली. सगळं गाव मातीला होतं. ज्याची वाट बघितली तो नव्हता.

तिच्या दाराला कडी लागली. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तर दाराबाहेर तांब्या भरलेला. मला वाटलं कोणी बाई असेल. नंतर एकदा बघितलं, जोशी होते.

गावात आता हापसा आहे. पण तो जड आहे, पहिलं पाणी वर यायला जोर लागतो. जोशींचा उजवा खांदा तेव्हाच्या खडीनं कायमचा गेलाय. ते डाव्या हातानं दांडा दाबतात, थांबतात, दम घेतात, परत दाबतात. मी एकदा पुढं झालो, तर म्हणाले, “सोड. हे काम मला येतं.” मी बाजूला झालो. बघत राहिलो. दांडा पूर्ण खाली नेत होते, अर्धवट मारत नव्हते. तांब्या आधी विसळला, पाणी फेकलं, मग काठोकाठ भरला. काम बरोबर होतं. खडी फोडताना एकदाही इतकं बरोबर केलं नव्हतं.

चांदपाशानं एकदा त्यांना माझ्यासमोर विचारलं, “म्हाराज, पोरगा आला तरी आता वळखायचं कोण? मावशी तर ऱ्हायली न्हाई.”

जोशी म्हणाले, “न विचारता प्याला की तोच.”

मी रोज त्या वाटेनं जातो. चढ चढून आलं की तहान लागते. तांब्या समोर असतो. दाराला कडी आहे, आत कोणी नाही, हे मला माहीत आहे. तरी मी दारापाशी थांबतो आणि मोठ्यानं विचारतो, “अक्का, पाणी घेऊ का?” मग पितो.

विचारावं लागतं.